नाशिकची वीस आणि आमचं एक

आमच्या घरात एक पिस्तूल आहे. हे वाचून काही मंडळी खुर्चीत सावरून बसतील म्हणून लगेच सांगून टाकतो: परवाना आहे, माझ्याच नावावर आहे, आणि ते ज्या कपाटात असतं त्याची किल्ली कुठे ठेवली आहे हे घरात मला एकट्याला माहीत आहे. वेब्ली अँड स्कॉट, .३२ बोअर, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, वजन अर्ध्या किलोहून थोडं जास्त. मुठीवरचं काळं व्हल्कनाइट एका बाजूला झिजून गुळगुळीत झालंय. आजोबांकडून बाबांकडे आणि बाबा गेल्यावर माझ्याकडे आलं. आजोबांनीही ते कोरं घेतलेलं नव्हतं, कुणाचं तरी वापरलेलं घेतलं होतं. आणि या ‘कुणाचं तरी’वरून आमच्या घराण्यात निदान पन्नास वर्षं लग्नामुंजीच्या पंगतीत चर्चा झडत आली आहे.

चर्चा पंगतीपुरती होती तोवर ठीक होतं. आता आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. संपादक दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. त्याने मसुदा सगळ्यांना पाठवला आहे, त्यात आजोबांच्या नोंदीखाली हे पिस्तूल सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक असून ते मचव्यातून मोरा बंदरात उतरवण्यात आलं आणि आजोबांनी ते प्राणापलीकडे जपलं, असं आहे. पंगतीतलं बोलणं जेवणाबरोबर संपतं. कुलवृत्तांत मात्र छापला जातो, आणि मग पुढच्या आवृत्तीचा संपादक त्याच्यावरूनच पुढचं लिहितो. म्हणून हे लिहायला बसलोय. नातेवाईकांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. बाकीच्यांनी हौस असेल तर.

आधी ती वीस पिस्तुलं. ही गोष्ट खरी आहे आणि सरकारी कागदोपत्री नोंदलेली आहे. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये चतुर्भुज अमीन नावाचा माणूस स्वयंपाकाचं काम करायचा. १९०९ च्या फेब्रुवारीत तो हिंदुस्थानात यायला निघाला तेव्हा त्याच्या सामानातल्या एका पेटीला खोटा तळ होता, आणि त्या तळाखाली वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं. ती पाठवणारे विनायक दामोदर सावरकर. पेटी मुंबईला पोचायच्या आतच, २ मार्चला, थोरले बंधू बाबाराव पकडले गेले होते. त्यातलंच एक पिस्तूल त्या वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांच्या हातात होतं. कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी ‘शारदा’चा प्रयोग लावलेला होता. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, आणि सावरकरांना झालेल्या जन्मठेपेतही या पिस्तुलांचा वाटा होता.

आता या विसांमधलं एक आपल्याकडे आहे असं म्हणणारी आमच्याशिवाय आणखी तीन घरं मला ठाऊक आहेत. एक पुण्यात, एक पेणला, एक तर चक्क बडोद्याला. माझ्या एकट्याच्या ओळखीत चार, तेव्हा महाराष्ट्रभर धरली तर त्या पेटीला खोटा तळ पुरला नसता, अख्खं जहाज लागलं असतं!

आमचं त्यातलं नाही हे कळायला इतिहासकार व्हावं लागत नाही, चष्मा पुसून पिस्तूल हातात घ्यावं लागतं. ब्राउनिंग ही अमेरिकन माणसाची रचना, पण ती बनायची बेल्जियममध्ये, लीएजजवळच्या हेर्स्टाल गावी, फाब्रिक नासिओनाल या कारखान्यात. बेल्जियमच्या प्रत्येक बंदुकीवर लीएजच्या तपासणी गृहाचा लंबगोल शिक्का असतो, आत ई एल जी ही अक्षरं. ती नसतील तर ते हत्यार तिथलं नव्हे, विषय संपला. आमच्या पिस्तुलावर कंपनीचं नाव स्वच्छ कोरलेलं आहे आणि शिक्के आहेत ते बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, मुकुट आणि त्याखाली अक्षरं. हे प्रूफ हाउस १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झालं. कारखान्यातून आलेल्या नळीत मुद्दाम जास्तीचा बार भरून उडवायचा, फुटली तर भंगारात, टिकली तर शिक्का. म्हणजे आपल्याकडे सोन्यावर असतो तसा हा लोखंडावरचा हॉलमार्क समजा. वेब्लीचं हे मॉडेल १९०६ च्या सुमारास निघालं, १९११ मध्ये लंडनच्या पोलिसांनी घेतलं, आणि १९४० पर्यंत बनत होतं.

हे सगळं दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, शिक्के नंतरही मारता येतात. मग मी त्याला आजोबांचं जन्मसाल विचारलं. ते त्याच्याच मसुद्यात आहे, १९०१. म्हणजे १९०९ साली आजोबा आठ वर्षांचे होते. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, “मग पणजोबांनी उतरवलं असेल.” असो.

तर मग कुणाचं? पिस्तुलाच्या स्लाइडवर कंपनीच्या नावाखेरीज आणखी एक बारीक ओळ आहे, आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल. मुंबईकरांना काळ्या घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग माहीत असते. ते या दुकानाचं इथलं घर. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी १८७१ साली लंडनमध्ये स्वतःसाठी काढलेली ही सहकारी सोसायटी (सी. एस. एल. म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड), तंबूपासून मोरंब्यापर्यंत सगळं विकायची. १९३४ मध्ये तिचं नाव बदलून नुसतं ‘स्टोअर्स’ झालं. तेव्हा ही तीन अक्षरं असलेलं पिस्तूल १९३४ च्या आधी विकलेलं असणार. त्या सोसायटीच्या बंदूकविक्रीच्या नोंदवह्या आज ग्लासगो विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आहेत. मी तिथे पिस्तुलाचा क्रमांक कळवून मेल टाकला, आणि उत्तर आलं. १९१५, लंडनचं दुकान, घेणारा हिंदी फौजेतला एक कॅप्टन. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्याला आपलं पिस्तूल आपल्या पैशाने घ्यावं लागायचं, त्यामुळे त्या वर्षी या दुकानात अशी गिऱ्हाइकं रोजच असणार. कॅप्टनचं नाव मला कळलंय. इथे देत नाही, त्याचेही कुणी नातू-पणतू कुठेतरी असतील आणि त्यांच्याकडेही कुलवृत्तांत असेल.

१९१५ नंतरची दुसरी नोंद थेट १९३२ ची आणि ती आमच्या घरातली आहे. मधली सतरा वर्षं कोरी. या कोरेपणाचं कारण शोधताना मला पिस्तुलापेक्षा कायद्याचीच जास्त गंमत वाटायला लागली. लॉर्ड लिटनचा शस्त्रास्त्र कायदा १८७८ चा. (पुढच्याच वर्षी आपल्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंतांनी तो कायदा किती मानला ते इंग्रजांना दाखवून दिलं.) या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी झाली, पण युरोपियनांना नियमांत सूट होती. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून याविरुद्ध ठराव केले. वंशावरून दिलेली ही सूट काढायला १९२० साल उजाडावं लागलं. म्हणजे आमच्या कॅप्टनला १९१५ साली हे पिस्तूल घेऊन मुंबईच्या बंदरात उतरायला कसला अर्ज करावा लागला नाही. आणि तेच पिस्तूल पुढे मुंबईच्या एका डीलरकडून सेकंडहँड घ्यायचं म्हटल्यावर आजोबांना अलिबागला खेटे घालावे लागले. गोऱ्या मालकाने कागद मागे ठेवला नाही कारण त्याला तो लागतच नव्हता. सगळे कागद आहेत ते काळ्या मालकाचे.

आणि कागद आहेत, मंडळी. बाबा फार टापटिपीचे. ते गेल्यावर पिस्तूल नियमाप्रमाणे परवानाधारक डीलरकडे जमा करावं लागलं. मग वारसाचा परवाना, त्यासाठी सगळ्या वारसांची ना हरकत (सह्या देणाऱ्या सर्वांचे आभार, उशिरा देणाऱ्यांचेही), हत्यार हाताळायचं प्रशिक्षण, पोलीस पडताळणी. या सगळ्यासाठी जुनी फाईल काढली तर तिच्यात १९३२ पासूनचं सगळं निघालं. मूळ परवाना, कुलाबा जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या शिक्क्याचा. (कुलाब्याचा रायगड झाला तो १९८१ मध्ये.) नूतनीकरणाचे शेरे. दर निवडणुकीला पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या, एकही निवडणूक चुकलेली नाही. आणि तळाशी, चौघडी घालून ठेवलेली, आजोबांनी परवान्यासाठी केलेल्या अर्जाची कार्बन प्रत. ती दादाने पाहिलेली नव्हती, बाबांनीही कधी दाखवली नव्हती.

त्या अर्जाकडे येण्याआधी मोऱ्याबद्दल थोडं, नाहीतर बाहेरच्या वाचकांना काही लागणार नाही. मोरा म्हणजे उरणचं बंदर. आज पूल आहेत, अटल सेतू २०२४ साली झाला, त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकलही आली, पण भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणारी लाँच अजून आहे आणि ओहोटीला गाळात तिचे हाल होतात तेही अजून आहेत. उरण तेव्हा पनवेल तालुक्यातला पेटा होता. एकोणिसाव्या शतकात मोऱ्याजवळ मोहाच्या दारूच्या मोठमोठ्या भट्ट्या होत्या, आणि सगळीकडे मिठागरं. आजोबा एका मिठागर मालकाचे दिवाणजी होते. आठवड्याची मजुरी मुंबईच्या पेढीवरून आणायची, फेरीबोटीने मोऱ्याला उतरायचं, बांधावरून चालत आगरात जाऊन वाटायची. मजूर सगळे आसपासच्या गावांतले, खोपटं, कोप्रोली, पाणदिवे, जुई, चिरनेर.

चिरनेर म्हटलं की आमच्या भागात आणखी काही सांगावं लागत नाही. २५ सप्टेंबर १९३०, जंगल सत्याग्रह. अक्कादेवीच्या माळावर हजारो आगरी, कराडी, कोळी, कातकरी माणसं कोयते घेऊन रानात शिरली आणि पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले. त्यांची गावं वाचली तर आजोबांची मजुरीची वही वाचल्यासारखं वाटतं: चिरनेर, मोठी जुई, धाकटी जुई, कोप्रोली, पाणदिवे, खोपटे, दिघोडे. त्याच गोंधळात मामलेदार जोशीही मारले गेले. पुढे धरपकड, खटला, गावंच्या गावं ओस.

त्याच वर्षी जानेवारीत गांधींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या होत्या. मिठावरचा कर रद्द करा ही त्यातली एक, सगळ्यांना माहीत असलेली. दारूबंदी करा ही दुसरी. आणि यादीच्या शेवटी आणखी एक मागणी आहे जी सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही: लोकांना स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या. गांधींच्या यादीत बंदूक! मी ते दोनदा वाचलं. मीठ, दारू आणि परवाना. मोऱ्याचं अख्खं बंदर त्या कागदावर होतं, आणि मिठागराच्या दिवाणजींना परवाना मिळालाही. पण मागणी मान्य झाली म्हणून नव्हे. १९३२ च्या सुरुवातीला गांधी पुन्हा तुरुंगात होते, काँग्रेस बेकायदा ठरली होती, आणि कुलाब्याच्या कलेक्टरने चिरनेरपासून काही मैलांवरच्या माणसाला पिस्तूल बाळगू दिलं होतं. ते कुणाला दिलं जात असेल? हा प्रश्न मी बरेच दिवस स्वतःशीच ठेवला होता.

अर्ज इंग्रजीत टाइप केलेला आहे, भाषा अलिबागच्या कुठल्यातरी पिटीशन रायटरची, खाली सही आजोबांची. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, अर्जदाराला रोख रक्कम घेऊन एकट्याने जावं लागतं. दोन, चिरनेरच्या दंग्यानंतर या भागातले लोक बेफाम झालेले असून अर्जदाराच्या जिवाला धोका आहे. तीन, अर्जदार व त्याचं कुटुंब राजनिष्ठ असून कुठल्याही चळवळीशी त्यांचा संबंध नाही व कधीही नव्हता.

म्हणजे दादा, तू छापतोयस की हे पिस्तूल स्वातंत्र्याच्या बाजूचं होतं. आणि आजोबांनी सही केलेला कागद म्हणतोय की ते चिरनेरच्या माणसांपासून जीव वाचवायला घेतलं.

मी हे वाचून दाखवल्यावर घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो हा कागद कशाला उकरलास, फाडून टाक. दुसरा, विशेषतः धाकटी मंडळी, लगेच आजोबांना सरकारधार्जिणे ठरवून मोकळी. मला दोन्ही पटत नाही. ‘राजनिष्ठ’ हा शब्द त्या काळच्या अर्जात ‘आपला विश्वासू’ इतकाच ठरलेला होता, तो नसता तर अर्ज टेबलावरून पुढे सरकलाच नसता. पण दुसरा मुद्दा ठरलेला नाही. चिरनेरचं नाव पिटीशन रायटरने आपल्या मनाने घातलं नसेल, ते कुणीतरी त्याला सांगितलं असणार. आणि सही आजोबांची आहे, तीही अगदी वळणदार.

मोऱ्याला जाऊन आत्याला विचारलं. आत्या नव्वदीच्या आहेत, कान गेलेत पण डोकं माझ्यापेक्षा साफ. त्यांचं म्हणणं, तो अर्ज मालकांनी करायला लावला. मालकांना आपल्या पैशाची काळजी होती, आजोबांच्या जिवाची नव्हे, आणि नोकरी गेली असती तर घरात सहा खाणारी तोंडं होती. आता आत्यांचा जन्म १९३५ चा. १९३२ चं त्यांना आजीकडून कळलेलं, आणि आजी नवऱ्याची बाजू घेणारच. त्यामुळे हे मी पुरावा म्हणून धरत नाही. पण पुढचं त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. आजोबा पैसे आणायला निघाले की पिस्तूल घरीच असायचं, तांदळाच्या डब्यात. पैसे करंडीत, वर सुक्या बोंबलांचा थर. आजीने एकदा विचारलं की एवढं सरकारदरबारी जाऊन आणलंय ते कशासाठी, तर म्हणाले, “ते कमरेला दिसलं की लोकांना कळतं पैसे आहेत.” बोंबलांच्या वासाची करंडी कुणी उघडत नाही. आत्या हे सांगताना अजून नाक मुरडतात.

याला कागदाचा थोडा आधार आहे. परवान्यावर काडतुसांचा हिशेब ठेवावा लागतो. १९३२ मध्ये पंचवीस घेतली. त्यानंतर खरेदीची एकही नोंद नाही. १९६७ मध्ये आजोबा गेले तेव्हा पोलिसांत जमा झाली ती तेवीस. दोनचा खुलासाही शेऱ्यात आहे, दोन चाचणीसाठी उडविली. पस्तीस वर्षांत दोन, तीही डीलरने सांगितलं म्हणून. ज्या माणसांपासून जिवाला धोका आहे असं लिहून दिलं, त्यांच्यातूनच ते पस्तीस वर्षं दर आठवड्याला बोंबलांची करंडी घेऊन चालत गेले. म्हणून काही ते चिरनेरच्या बाजूचे ठरत नाहीत हेही खरं. २५ सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकावर ते कधी गेले का, असं आत्यांना विचारलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “आम्हाला त्या दिवशी घराबाहेर खेळायला सोडत नसत.” याच्यापुढे मी विचारलं नाही.

आता व्यवहाराचं. परदेशी पिस्तुलांची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे असल्या जुन्या वेब्लीला हल्ली वेड्यासारखी किंमत येते, आणि .३२ हे परवान्यावर मिळणारं बोअर असल्याने गिऱ्हाईकही मिळतं. ‘नाशिकच्या विसांपैकी’ म्हटलं तर आणखी मिळेल, हे एका लांबच्या भाच्याने सुचवून पाहिलं आहे. विकायचं नाही. संग्रहालयाला द्यायचं का, तर द्यावं, मी विरोधात नाही, पण मग खालच्या पाटीवर अर्जातला दुसरा मुद्दाही लिहावा लागेल आणि त्याला सगळ्यांची ना हरकत मिळेल असं वाटत नाही.

दादा, माझी सूचना अशी. आजोबांच्या नोंदीत सावरकरांचं वाक्य काढ. त्याजागी एवढंच घाल: बर्मिंगहॅमचं पिस्तूल, १९१५ मध्ये लंडनला विकलेलं, १९३२ मध्ये मुंबईत सेकंडहँड घेतलं, परवाना अलिबागचा, काडतुसं पंचवीस पैकी तेवीस शिल्लक. आणि अर्ज जसाच्या तसा मागे परिशिष्टात छाप, सहीसकट. भाषांतर मी करून देतो. तुला हे पटणार नाही हे माहीत आहे, म्हणून सर्वांसमोर लिहितोय.

बाकी नातेवाईकांना एक विचारायचं आहे. आजोबांच्या मजुरीच्या वह्या आत्यांच्या आठवणीप्रमाणे तीन होत्या, लाल कापडाच्या बांधणीच्या. मोऱ्याचं जुनं घर पाडलं तेव्हा सामान तीन ठिकाणी गेलं: पनवेल, डोंबिवली आणि इंदूर. माळ्यावर कुणाकडे असल्या तर कळवा. मला त्यातली १९३० ची हवी आहे. २५ सप्टेंबरच्या आठवड्यात मजुरी वाटली गेली होती का, आणि कुणाकुणाच्या नावापुढे रकाना रिकामा आहे, ते पाहायचं आहे. वाळवी लागली असली तरी चालेल, टाकून देऊ नका, मी येऊन घेऊन जाईन.